सहा मिलिमीटरची गोगलगाय आणि तिचं लेबल

"म्हणजे नेमकं काय करता?" हा प्रश्न नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला इतक्या वेळा विचारला गेला की उत्तर तोंडपाठ झालं होतं. समुद्रातल्या गोगलगायींची लेबलं लिहिते. हे ऐकून समोरचा माणूस एकदा माझ्याकडे आणि एकदा मागच्या डोंगराकडे बघायचा. कारण माझी पहिली अकरा वर्षं मुळशीला गेली आणि मुळशीला समुद्र नाही. धरण आहे, त्याचं पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेलं आहे, पण त्यात भरती येत नाही आणि ते खारट लागत नाही.

झालं असं होतं की प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या सरकारी खात्याची पुण्यातली इमारत दुरुस्तीला काढली. कीटकांना आणि सापांना पुण्यातच भाड्याच्या खोल्या मिळाल्या. शंख-शिंपल्यांची कपाटं जड. ती ठेवायला जागा मिळेना, म्हणून धरणाजवळचा एक जुना कौलारू बंगला दोन वर्षांसाठी घेतला. सरकारी दोन वर्षं ती. मी चिकटले तेव्हा, म्हणजे पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला, कपाटांना येऊन वर्ष झालं होतं आणि राखणदार धोंडीबा त्यांना कंटाळला होता.

"ह्या मेलेल्या गोगलगाईंना राखण कशापायी वो?" त्याने मला पहिल्याच दिवशी विचारलं. "ह्या काय पळून जात्यात व्हय? आन् आपल्या हितं गोगलगाई काय कमी हायत, म्हनून पुण्याहून ट्रक भरून आनल्या?"

मी मुळशीच्याच बौद्धवाडीतली. मॅट्रिक झालेली वाडीतली दुसरी मुलगी. मुलाखतीला गेले तेव्हा साहेबांनी गोगलगायीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पोस्टाच्या तिकिटाएवढा जाड कागदाचा तुकडा, बारीक निबाचा टाक आणि काळ्या शाईची दौत पुढे सरकवली आणि म्हणाले, "यावर स्वतःचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि आजची तारीख लिहा." मी लिहिलं. साहेबांनी भिंगातून वाचलं, कागद पालथा करून शाई पलीकडे फुटली नाही ना ते पाहिलं आणि म्हणाले, "वाचता येतं." साहेब टक्कल पडलेले, किरकोळ, मोजकं बोलणारे. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी स्तुती मी पुढे कुणाची ऐकली नाही.

कामाची गंमत अशी की शिंपला किंवा शंख कितीही देखणा असो, लेबल नसेल तर आमच्या लेखी तो रांगोळीत कुटून घालण्याच्या लायकीचा. गोगलगायीची ओळख दोन गोष्टींवर पटते. एक तिचं कवच. किती लांब, किती वेढे, वेढ्यांवर उभ्या उठावदार फासळ्या किती, वेढ्याला वेढा जुळतो तो सांधा खोल की उथळ, तोंडाच्या ओठाला आतून दात आहेत का, असले तर किती. दुसरी गोष्ट तिचा आढळ, म्हणजे ती कुठून कुठपर्यंत सापडते. कवच कुणीही भिंग लावून बघू शकतो. आढळ मात्र कवचावर लिहिलेला नसतो. तो फक्त लेबलावर असतो, आणि लेबल लिहिणारा माणूस चुकला की ती गोगलगाय जन्माची परमुलखातली होऊन बसते.

म्हणून खात्यात एक रीत होती. लेबलाबद्दल तीळभर शंका असली तर उजव्या कोपऱ्यात प्रश्नचिन्ह काढायचं आणि नोंदवहीत कारण लिहायचं. साहेब म्हणायचे, प्रश्नचिन्हाची लाज बाळगायची नाही. मला मात्र माझ्या अक्षराचा भारी अभिमान. स्वच्छ लेबलाच्या कोपऱ्यातलं प्रश्नचिन्ह मला नव्या लुगड्यावर पडलेल्या डागासारखं वाटायचं. माझ्या हातच्या पहिल्या हजारभर लेबलांवर एकही नव्हतं. हे तेव्हा मी कौतुकाने सांगत असे.

साहेब मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून जीपने येत. बाकीचे दिवस मी, धोंडीबा आणि कपाटं. समुद्राच्या वस्तू आहेत म्हटल्यावर लोक येतच. एक म्हातारी नातवाच्या डोळ्यात घालायला शंखाची पूड मागायला आली. नाही म्हटलं तर म्हणाली, "येवढं कपाटंभर हाय, त्यातलं चिमूटभर न्हाई देववत?" धरणात मासे धरणारा एक जण दर महिन्याला नवीन काही आलं का ते बघून जाई आणि प्रत्येक डबीला एकच प्रश्न विचारी, "ह्याची भाजी व्हती का?" बहुतेकींची होत नाही हे कळल्यावर त्याचा समुद्रावरचा विश्वास उडाला.

पौडचे एक गिरणीवाले लाल फडक्यात गुंडाळून शंख घेऊन आले होते. कुणा साधूने तो उजवा शंख म्हणून त्यांच्या गळ्यात मारला होता आणि घरात बरकत येईना म्हणून त्यांना सरकारी दाखला हवा होता. आता देवघरातला जो उजवा शंख, तो आमच्या शास्त्रात डावा धरतात, कारण आम्ही टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून बघतो. हे समजावताना माझी पुरेवाट झाली. शुक्रवारी साहेबांनी शंख हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, "हा वळणाने बरोबर आहे, पण जात वेगळी आहे. ही अमेरिकेच्या किनाऱ्यावर सापडते." मला वाटलं गिरणीवाले खाली बसतात. त्यांचा चेहरा उलट फुलला. "फॉरेनचा हाय व्हय? मग टाइम लागनारच की येवढ्या लांबून गुन यायला." शंख पुन्हा फडक्यात गुंडाळून ते समाधानाने गेले.

असं सगळं बरं चाललं असताना माझ्या हातून ती चूक झाली.

मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. बंगल्यात जुलैत भिंतीला हात लावला तर पाणी हाताला लागे. मी कपाटात कोळशाच्या पुरचुंड्या ठेवायची, लेबलांना कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या घालायची. पण वानरांवर माझ्याकडे उपाय नव्हता. एका रविवारी वानरांचा कळप कौलांवरून गेला, चार कौलं सरकली आणि पावसाची धार थेट एका कपाटावर लागली. धोंडीबा भाताच्या आवणीला गेलेला. सोमवारी सकाळी मी खण ओढला तर तो परातीसारखा भरलेला.

त्या खणात नऊ डब्या होत्या. पुठ्ठ्याच्या, औषधाच्या गोळ्यांच्या असतात तसल्या. पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. तळाशी बारक्या गोगलगायींच्या नऊ ढिगुल्या आणि वर तरंगणारी लेबलं. खात्याची लेबलं काळ्या शाईची, ती टिकली. बाहेरून आलेल्या संग्रहांची साध्या निळ्या शाईची होती. त्यांतलं एक जेमतेम वाचता आलं आणि उचलताना बोटावरच विरघळलं.

मी खणाखाली घमेलं लावलं, ढिगुल्या चमच्याने उचलून वेगवेगळ्या बशांत ठेवल्या. सात ढिगुल्या ओळखीच्या निघाल्या. राहिल्या दोन. दोन्हींत सहा-सहा मिलिमीटरच्या, लांबोळक्या, ओल्या असल्याने सारख्याच तपकिरी दिसणाऱ्या गोगलगायी. लेबलं दोन उरली होती. एक लक्षद्वीपचं, खात्याचं. दुसरं ते विरघळलेलं. कोकणातल्या भाटवणे नावाच्या लहानशा गावातले निवृत्त शिक्षक मयेकर गुरुजी यांनी आपला तीस वर्षांचा संग्रह खात्याला दिला होता, त्यातलं. आमच्याकडे खण गाववार लावत नसत, कुळवार लावत, म्हणजे सारख्या ठेवणीच्या जाती एकत्र. त्यामुळे बेटांवरची आणि कोकणातली शेजारी शेजारी. नोंदवही काढली. आधीच्या कारकुनाने दोन्हींच्या नावापुढे 'ओळख बाकी' आणि संख्येपुढे 'अनेक' लिहून ठेवलं होतं.

धोंडीबा एव्हाना आला होता. बशांकडे बघून म्हणाला, "टाका कोंच्या बी डबीत. त्यांना कुटं म्हाईत हाय आपलं गाव कंचं ते."

मी वाद घातला नाही. माझी नोकरी कच्ची होती. दर सहा महिन्यांनी मुदत वाढवल्याचा हुकूम यायचा, आणि कायम करण्याचा कागद पुण्यात कुठल्याशा टेबलावर आहे असं साहेबांनी नुकतंच सांगितलं होतं. अशा वेळी 'लेबलांची अदलाबदल झाली असण्याचा संभव' असं नोंदवहीत माझ्या अक्षरात लिहायचं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. उजवीकडची बशी खणात ज्या बाजूला होती असं मला वाटलं, त्या बाजूला गुरुजींची डबी असावी असं मला वाटलं. दोन वाटण्यांवर मी एक नवं, सुंदर लेबल लिहिलं. भाटवणे, खडकाळ किनारा, भरतीच्या रेषेवर, संग्राहक मयेकर. कोपरा कोरा ठेवला. धोंडीबाने कौलं नीट केली आणि मंगळवारी साहेबांना मी फक्त वानरांचं सांगितलं.

दिवाळीनंतर साहेबांनी गुरुजींचा संग्रह ओळखायला घेतला. मोठे शंख सगळेच गोळा करतात, साहेबांचा जीव बारक्या गोगलगायींवर. एका शुक्रवारी त्यांनी ती डबी उघडली, सूक्ष्मदर्शकाखाली एक गोगलगाय ठेवली आणि चहा निवला तरी मान वर केली नाही. मग मला बघायला सांगितलं. खरोखर देखणी होती. साध्या डोळ्याला तपकिरी ठिपका, भिंगाखाली मधाच्या रंगाचं निमुळतं कवच. सात वेढे, शेवटच्या वेढ्यावर अकरा फासळ्या, सांध्याखाली एक बारीक खोबण आणि बुडाशी गडद पट्टा, तो सलग नाही, ठिपक्याठिपक्यांचा. ओठाच्या आत पाच दात.

"पुस्तकात हिच्यासारखी एकच आहे," साहेब म्हणाले. त्यांनी जुनं पुस्तक काढून दाखवलं. दोनच ओळी होत्या. कवच सहा मिलिमीटर, दात चार. आढळ, लक्षद्वीप आणि दक्षिणेकडची बेटं. "एका दातावर मी नवी जात मानली नसती. माणसांतही कुणाला अक्कलदाढ येते, कुणाला येत नाही. पण ती प्रवाळाच्या बेटावरची. आपली कोकणच्या काळ्या खडकावरची. मधे एवढा समुद्र. त्यात हिला दात एक जास्त. सुमनबाई, ही नवीन आहे."

आणि मग त्यांनी पुढचं सांगितलं. त्या नव्या जातीला ते गुरुजींचं नाव देणार होते.

मी स्वतःला समजावलं की माझी वाटणी बरोबर असण्याची शक्यता आठ आणे आहे. आठ आण्यांवर लोक लग्नं करतात. साहेबांनी गुरुजींना पत्र टाकलं आणि पंधरा दिवसांत गुरुजी स्वतःच आले. पुण्यापर्यंत एक एस.टी., तिथून मुळशीला दुसरी. सत्तरी ओलांडलेले, उंच, पांढरं धोतर, वर कोट, हातात आमसुलांची पिशवी. कोट त्यांनी या दिवसासाठी पेटीतून काढला असावा, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"गावात मला वेडा मयेकर म्हणतात," चहा घेता घेता ते हसत म्हणाले. "पोरं शाळेतून सुटली की नारळ-सुपारीच्या वाडीत जातात, आणि मास्तर पिठाची चाळणी घेऊन किनाऱ्याच्या पुळणीवर. आमच्या घरात तीस वर्षांत चार चाळण्या गेल्या. मंडळींनी शेवटी पीठ चाळायचं सोडून दिलं." मग कप खाली ठेवून म्हणाले, "एवढ्याशा जिवाला माझं नाव मिळणार, हे खरं म्हणजे हसण्यासारखंच आहे. पण मला फार बरं वाटलं हो साहेब. पत्र मी चार वेळा वाचलं."

साहेब त्यांना सूक्ष्मदर्शकाकडे घेऊन गेले. गुरुजींनी बराच वेळ पाहिलं. मग चिमट्याने गोगलगाय उचलून तळहातावर घेतली, दुसऱ्या हाताच्या नखाने दोनदा टिचकी मारली, तळहात खिडकीच्या उजेडात धरला आणि फुंकर घातली. माणसांना सवयी असतात, मला त्यात काही वाटलं नाही. त्यांनी ती जागेवर ठेवली आणि डबीतलं लेबल वाचलं.

"हे माझं लेबल नाही. कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं. "तुमचं पावसात भिजलं. बाकीची आहेत, हे एक गेलं."

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "नोकरी कायम झाली का तुझी?"

"अजून नाही. होईल म्हणतात."

त्यांनी डबीचं झाकण लावून ती साहेबांकडे दिली. प्रवासाचा शीण असेल, जेवले कमीच. जाताना साहेबांना म्हणाले, छापायची घाई नको, अजून पुरते बघा. साहेबांना तो त्यांचा विनय वाटला. मलाही.

ते गेले आणि मला चैन पडेना. टिचकी मारून ते काय बघत होते, हा विचार मनातून जाईना. दोन दिवसांनी दुपारी मी तीच डबी घेतली, पाटीवर काळा कागद पसरला आणि एका गोगलगायीच्या तोंडात बारीक सुई घालून खरवडलं. वेढ्याच्या आत खोलवर वाळूचे कण अडकलेले असतात. धुतलं तरी ते सहजी निघत नाहीत. पाच-सहा कण पडले. भिंगाखाली ते पांढरेशुभ्र होते, प्रवाळाच्या चुऱ्याचे. मग दुसरी डबी घेतली, लक्षद्वीपची. आता पांढरा कागद घेतला. पडलेली वाळू काळी होती, चकाकणारी. कोकणच्या पुळणीवरची.

आठ आण्यांचा प्रश्न संपला. गुरुजींची म्हणून जी नवी जात ठरत होती ती बेटांवरची जुनीच होती, आणि गुरुजींची खरी गोगलगाय दुसऱ्या डबीत होती. सुकल्यावर आणि भिंग लावल्यावर ती वेगळी आहे हे मलाही कळत होतं. फासळ्या आठ, दात नाहीत. आपल्या सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर वाटेल तेवढी मिळणारी.

मी तीन आठवडे गप्प बसले. गप्प बसायला कारण हवं असतं आणि ते माझ्याकडे चांगलं भक्कम होतं. त्या म्हाताऱ्या माणसाला चार वेळा पत्र वाचण्याइतका आनंद झालाय, तो मी का हिरावून घ्यायचा? गावाने ज्याला वेडा म्हटलं त्याचं नाव छापून आलं तर कुणाचं काय बिघडतं? गोगलगाय काही तक्रार करणार नाही. आईला न राहवून सांगितलं तर तिने भाकरी थापता थापता विचारलं, "त्या बाबाला कळंल तवा काय म्हनंल?" मी म्हटलं, कळणारच नाही. आई म्हणाली, "मग तुला झोप का येत न्हाई?"

शेवटी मला बोलावं लागलं ते कामामुळेच. साहेबांचा लेख टंकलिखित होऊन आला आणि आकृतीखालचा मजकूर मी हाताने लिहायचा होता. कवचाचा भाग लिहून झाला. सात वेढे, अकरा फासळ्या, दात पाच. पुढे 'आढळ' हा शब्द लिहिला आणि टाक टेकवला तो तिथेच राहिला. शाईचा थेंब पसरला. माझ्या हातून एवढा मोठा डाग पहिल्यांदाच पडला होता. हा मजकूर छापला की तो खोडता येणार नाही, इतकं मला पक्कं माहीत होतं. पन्नास वर्षांनी कुणीतरी परदेशातला माणूस भाटवण्याला येऊन वाळू चाळत बसेल आणि त्याला ती सापडणार नाही.

शुक्रवारी साहेब खुर्चीत बसायच्या आधीच मी सगळं सांगितलं. वानरं, बशा, दोन वाटण्या, सुई. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग सुई मागितली, दोन्ही डब्यांतल्या सहा-सहा गोगलगायी स्वतः खरवडून पाहिल्या आणि झाकणं लावली. चेहऱ्यावर राग नव्हता, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"प्रश्नचिन्ह काढायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

मी नोंदवही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"वाळू झाडून बघायची असते हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो," ते म्हणाले. "मीही बघितली नाही. नवी जात दिसली की माणसाला वाळू दिसत नाही." त्यांनी लेखावर आडवी रेघ मारली. मला लेखी ताकीद मिळाली आणि कायम होण्याचा कागद एक वर्ष मागे गेला. काढून टाकतील अशी माझी तयारी होती, तसं त्यांनी केलं नाही. फक्त म्हणाले, "गुरुजींना हे पत्राने कळवायचं नाही. तुम्ही जा. तोंडाने सांगा."

मी गेले. भाटवण्याला दिवसातून एकच एस.टी. जायची. गुरुजींचं घर पुळणीपासून हाकेच्या अंतरावर. दारात त्यांच्या पत्नी भेटल्या. मी मुळशीची म्हणताच त्यांनी गूळपाणी दिलं आणि तक्रार सुरू केली. "बरं झालं आलीस. गावकरी सत्कार करायचा म्हणून मागे लागलेत. शाळेत मांडव घालायचं ठरलं. तर ह्यांचं आपलं, आज गुडघा दुखतो, उद्या दुखतो. गुडघा तर पहाटे पुळणीवर जाताना काही दुखत नाही."

गुरुजी मागच्या खळ्यात बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. रस्ताभर जुळवलेली वाक्यं एकही कामाला आली नाही. चूक माझी आहे, तुमची गोगलगाय दुसरी आहे, साधी आहे, साहेबांनी लेख रद्द केला, असं तुटक तुटक बोलत गेले. वाळूपर्यंत आले तेव्हा ते म्हणाले, "पांढरी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तळहातावर दोन कण पडले होते. तीस वर्षं मी एकच पुळण चाळली मुली. तिथली वाळू मला ओळखू येणार नाही?"

मला ते समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे त्या दिवशी बंगल्यातच, साहेब शेजारी उभे असताना, कोट घालून आलेल्या या माणसाला कळलं होतं की ही गोगलगाय आपली नाही.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"लेबल तुझ्या हातचं होतं," गुरुजी म्हणाले. "आणि नोकरी कच्ची, असं तूच म्हणालीस. मी तिथे तोंड उघडलं असतं तर गोगलगायीचं काही गेलं नसतं. तुझं गेलं असतं."

"आणि लेख छापून आला असता तर?"

"तुझी नोकरी कायम झाली की साहेबांना लिहिणार होतो. तोवर सत्कार लांबवत होतो. गुडघ्याने बरी साथ दिली." ते हसले, पण डोळे पुसले. "नाव मिळालं असतं तर आवडलं असतं मला. खोटं कशाला बोलू."

त्यावर मला रडू आवरलं नाही. मी तीन आठवडे मनाला सांगत होते की मी त्यांचा आनंद जपतेय. आणि ते त्याच आनंदावर पाणी सोडून, गुडघ्याची खोटी दुखणी काढत, माझ्यासाठी गप्प बसले होते. आम्ही दोघंही माझीच नोकरी सांभाळत होतो.

ती मी पुढे एकोणतीस वर्षं केली.